फुकटची मुंबई

मंडळी, गेल्या आठवड्यात नागपूरहून भाचीचा फोन आला. मुलांना सुट्टी लागली आहे, चार दिवस मुंबईला जाणार आहेत. म्हणाली, "मामा, जिकडे बघावं तिकडे तिकीट. चौघांचा हिशेब केला की पोटात गोळा येतो. तू इतिहास शिकवलास ना, मग फुकटात काय काय बघता येईल ते सांग."

मी कागद घेऊन बसलो. गेटवे, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, हँगिंग गार्डन, ओव्हल मैदान, जहांगीर आर्ट गॅलरी, बाणगंगा, हुतात्मा चौक... यादी चांगली लांबली. ती भाचीला पाठवली, काम संपलं. पण ती लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, तीच आज इथे सांगतो. यादीतल्या जवळजवळ प्रत्येक नावामागे कुणीतरी पैसे मोजले आहेत, नाहीतर कुणीतरी भांडलं आहे. आपण मात्र 'फुकट ते पौष्टिक' म्हणून मोकळे होतो.

सुरुवात मैदानांपासून करू. फोर्ट भागात इतकी मोकळी मैदानं कशी राहिली? कुणाला मुलांच्या क्रिकेटची काळजी होती म्हणून नव्हे, तर तोफांमुळे! किल्ल्याच्या तटावरून मारा करायचा तर समोर आडोसा नको, म्हणून इंग्रजांनी तटाबाहेरचा मोठा पट्टा मोकळा ठेवला. त्याला एस्प्लनेड म्हणत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडले. एस्प्लनेडचा बराच भाग रस्त्यांनी आणि इमारतींनी घेतला, आणि उरलं ते ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान, कूपरेज.

या एस्प्लनेडवर पूर्वी लोकांची गुरं चरत. १८३८ मध्ये सरकारने चराईवर पैसे लावले. ज्याच्याकडे एक-दोन गाई, त्याने काय करावं? तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकुरद्वारच्या बाजूला समुद्राकाठी गवताची जमीन घेतली आणि गुरांना तिथे फुकट चरू दिलं. चर्नी रोड हे नाव त्या चरण्यावरून पडलं असं सांगतात. ठाण्याकडच्या चेंदणीहून आलेल्या लोकांच्या वस्तीवरून पडलं, असंही एक मत आहे. नावाचा वाद विद्वानांनी मिटवावा. मला त्यातली फुकट चराई महत्त्वाची वाटते.

या जमशेटजींच्या पत्नी अवाबाई. त्यांची गोष्ट तर शाळेच्या पुस्तकात असायला हवी. त्या काळी माहीमहून वांद्र्याला जायचं म्हणजे खाडी ओलांडायची. पूल बांधायला कंपनी सरकार पैसे देईना. अवाबाईंनी आधी एक लाख दिले. काम अर्ध्यावर आलं आणि पैसे संपले, तेव्हा आणखी सत्तावन्न हजार दिले. अट एकच घातली, की या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. माहीमकडे जाणारा लेडी जमशेटजी रोड तो यांच्याच नावाचा. शेजारच्याच समुद्रावर २००९ मध्ये सी लिंक झाला. तिथे टोल भरावा लागतो. कॉजवेवरून मात्र आजही कुणी हात आडवा करत नाही.

हे सगळे दाते काही संत नव्हते, हेही सांगायला हवं. जमशेटजींच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता. ओव्हलसमोरचा राजाबाई टॉवर ज्यांच्या पैशातून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद म्हणजे कापसाच्या तेजीतले सट्टेबाजांचे राजे. त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले, मनोऱ्याला आईचं नाव दिलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १८६५ मध्ये शेठजींचं साम्राज्यही कोसळलं. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. राजाबाईंची दृष्टी गेलेली होती, सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता, घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी कथा सांगतात. खरी असो की नसो, टोले सगळ्या शहराला फुकट ऐकू गेले. ओव्हलच्या कठड्याशी उभं राहून मनोरा बघायला आजही पैसे पडत नाहीत. आणि ते ओव्हल तरी कसं टिकलं? मधल्या काळात त्याचा पार उकिरडा झाला होता. १९९० च्या दशकात आसपासच्या रहिवाशांनी कोर्टात दाद मागितली, मैदान साफ करून घेतलं, त्याची निगा राखायची जबाबदारी घेतली. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

मला ही मुंबई पहिल्यांदा दाखवली माझ्या काकांनी. १९६२ चा मे महिना. मी बारा वर्षांचा. काका लालबागला चाळीत राहायचे, गिरणीत साच्यावर होते. एका खोलीत आठ माणसं, त्यात आम्ही पाहुणे. रविवारी त्यांनी आम्हा चार पोरांना बाहेर काढलं. खर्च काय तो ट्रामचा आणि चण्यांच्या पुड्यांचा. (ट्राम पुढे १९६४ मध्ये बंद झाली.) फ्लोरा फाउंटनला उतरल्यावर काका जरा थांबले. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर इथे गोळीबार झाला होता, पंधरा माणसं गेली होती. काका इतकंच म्हणाले, "आमच्या खात्यातली माणसंही आली होती त्या दिवशी." मग गेटवे, तिथून चालत मरीन ड्राइव्ह आणि संध्याकाळी चौपाटी. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्यांना जिथे अग्नी दिला तिथल्या पुतळ्यासमोर त्यांनी आम्हाला चपला काढायला लावल्या.

गेटवेखाली काकांनी सांगितलेलं मी पुढे तीस वर्षं वर्गात सांगत आलो. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला त्याच्या स्मरणार्थ ही कमान, पण राजा आला तेव्हा ती बांधलेलीच नव्हती. तिचं उद्घाटन झालं डिसेंबर १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून जहाजावर चढून निघून गेली. बादशहाच्या मानासाठी बांधलेल्या जागेत गिरणी कामगाराची पोरं चणे खात बसली होती!

मोठेपणी कळलं, की काकांना आम्हाला दुसरीकडे कुठे नेणं परवडणारंच नव्हतं. पण त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाही आपण गरीब आहोत असं वाटलं नाही. फुकट जागेची खरी किंमत ती. तिथे शेठजी आणि साच्यावरचा कामगार एकाच कठड्यावर बसतात आणि दोघांनाही तोच वारा लागतो.

त्या कठड्याचाही इतिहास आहे, बरं का. मरीन ड्राइव्ह हे १९२० च्या सुमारास सुरू झालेल्या बॅक बे भरावाचं अपत्य. त्या योजनेतल्या उधळपट्टीवर आणि गैरकारभारावर वीर नरिमन यांनी हल्ला चढवला. हार्वे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते १९२८ मध्ये निर्दोष सुटले. ज्यांनी त्या भरावावर झोड उठवली त्यांचंच नाव पुढे भराव घालून केलेल्या नरिमन पॉइंटला मिळालं. इतिहास कधी कधी अशी गंमत करतो.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली, त्यातून ती उभी राहिली. आत जायला पैसे नाहीत. चित्रातलं कळत नाही म्हणून आपली माणसं दारावरूनच परत फिरतात. जरूर जा. तिथे कुणी परीक्षा घेत नाही!

वाळकेश्वरच्या बाणगंगेचा जीर्णोद्धार १७१५ मध्ये रामा कामत यांनी केला. पुढे इंग्रजांनी त्यांच्यावर आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून बनावट कागदांच्या आधारे त्यांना कैदेत टाकलं, ते कैदेतच वारले. देणाऱ्याचा शेवट असाही होतो. जवळचं हँगिंग गार्डन १८८१ च्या सुमाराचं, ते पाण्याच्या मोठ्या टाकीच्या छपरावर केलेलं आहे. मुलांना हे सांगा, डोळे विस्फारतात.

आता थोडं मनाला लागलेलं. राणीच्या बागेचं तिकीट पाच रुपये होतं, ते २०१७ मध्ये मोठ्या माणसाला पन्नास झालं. मलबार हिलच्या झाडीतून २०२५ मध्ये सुंदर लाकडी वाट केली, तिला पंचवीस रुपये. देखभालीला पैसा लागतो, हे मान्य. पंचवीस रुपये ही काही मोठी रक्कमही नाही. पण घरातल्या सहा माणसांचे दीडशे होतात, आणि मग काकांसारखा माणूस हिशेब करून दुसरीकडे वळतो.

याहून मोठी गोष्ट गिरण्यांची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, त्यात आमचे काकाही. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, काका गावी परतले. गिरण्यांची जमीन साधारण सहाशे एकर. १९९१ च्या नियमाप्रमाणे तिचे तीन वाटे व्हायचे होते. एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकांना. म्हणजे गिरणगावात कितीतरी ओव्हल झाली असती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेची करायची असं ठरलं. नागरिक कोर्टात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. आज तिथे मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. मॉलमध्ये आत जायलाही पैसे पडत नाहीत म्हणा, पण नुसतं बसायला गेलेल्या माणसाला तिथे किती वेळ बसवतं?

असो. अवाबाईंसारखी अट घालणारं कुणीतरी त्या वेळी हवं होतं, एवढंच मनात येतं.

भाचीला मी एका दिवसाचा बेत लिहून दिला आहे, तुम्हालाही सांगतो. सकाळी लवकर बाणगंगा, मग हँगिंग गार्डन. दुपारच्या उन्हात जहांगीर, कारण आत सावली आणि गारवा. चार वाजता ओव्हल, तिथून हुतात्मा चौक, मग गेटवे. सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हचा कठडा आणि पायात बळ उरलं तर चौपाटी. सोबत पाण्याच्या बाटल्या आणि घरच्या दशम्या घ्या. आणि जिथे कोनशिला दिसेल तिथे मुलांना ती मोठ्याने वाचायला लावा. नाव कुणाचं, साल कोणतं, पैसे कुणी दिले, एवढं विचारलं तरी इतिहासाचा तास झाला.

तुमच्या गावातही अशा जागा असतीलच. एखादी विहीर, वाचनालय, नदीचा घाट, शाळेचं पटांगण. ते कुणी दिलं आणि कोणत्या अटीवर, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला जरूर कळवा. मी एका वहीत उतरवून ठेवायला सुरुवात केली आहे.