चिकपेटची यादी

बंगळुरूला पोस्टिंग झाल्याचं कळलं की महिन्याभरात गावाकडून यादी येते. मलाही आली. चार कलमं होती. भाचीच्या लग्नासाठी सिल्कची साडी. बाबांसाठी एक चांगली पकड आणि पेचकसाचा सेट. "काहीतरी खाऊ, पण गोड नको." आणि चौथं कलम म्हणजे कापसात गुंडाळलेली आईची बुगडी. एकच. दुसरी कुठल्याशा लग्नात हरवली, त्याला तीस वर्षं झाली. आईचा निरोप होता, "ही मोडून टाक आणि येतील त्या पैशांत भाचीला काहीतरी घे."

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा. रेशन, इंधन, गाड्या हे आमचं काम. अकादमीत असताना तोफखाना आणि इन्फंट्रीत जाणाऱ्या मित्रांनी 'किराणा दुकान' म्हणून चिडवलं होतं. पण कुठल्याही शहरात गेलो की आधी तिथला बाजार बघायची सवय मला याच कोअरने लावली, आणि बंगळुरूत बाजार म्हणजे चिकपेट. २०१७ पासून तिथे जमिनीखालून मेट्रो जाते. स्टेशनातून वर आलं की आपण थेट गर्दीतच उगवतो.

पुणेकरांना समजावायचं तर लक्ष्मी रोड, तुळशीबाग आणि बोहरी आळी एकत्र करून रस्त्यांची रुंदी निम्मी करा. चिक्क म्हणजे लहान. लहान पेठ ती चिक्कपेटे आणि मोठी ती दोड्डपेटे, म्हणजे आजचा अ‍ॅव्हेन्यू रोड. केंपेगौडाने १५३७ मध्ये शहर वसवलं तेव्हा या दोन रस्त्यांच्या चौकातून चार दिशांना नांगर फिरवला, अशी इथली परंपरा सांगते. आपल्या पुण्याच्या पेठांना वारांची आणि माणसांची नावं आहेत. इथल्या पेठांना मालाची आहेत. अक्कीपेट तांदळाची, रागीपेट नाचणीची, बळेपेट बांगड्यांची, अरळेपेट कापसाची. आमच्या सप्लाय डेपोत शेडवर पाटी लावतात तसाच प्रकार. माझ्यासारख्याला ही रचना पाहताक्षणी आवडली.

या पेठेशी आपलं नातं जुनं आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथे आले. शहर जिंकल्यावर ते राजांच्या जहागिरीत आलं आणि पुढची बरीच वर्षं राजांचा मुक्काम इथेच होता. त्यांचा वाडा चिकपेटच्या परिसरात होता असं जुने लोक सांगतात. नंतर शहर व्यंकोजीराजांकडे गेलं. तंजावरला बस्तान बसल्यावर एवढ्या दूरचं ठाणं सांभाळणं त्यांना जड जाऊ लागलं. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाखांत सौदा ठरत असतानाच, १६८७ मध्ये, मोगलांच्या कासिमखानाने शहर घेतलं आणि पुढे ते त्याच किमतीला वोडेयरांना दिलं. जिथे आज सहावार साडीवर शंभर रुपयांसाठी घासाघीस चालते, तिथे एकेकाळी अख्ख्या शहराची घासाघीस झाली होती.

पण यादी हातात घेऊन फिरताना मला आठवत होता तो १७९१ चा उन्हाळा. तिसऱ्या म्हैसूर युद्धात कॉर्नवॉलिसने ७ मार्चला आधी ही पेठ घेतली आणि २१ मार्चला किल्ला. पेठेला खंदक होता, बाहेर काटेरी झाडांचं दाट कुंपण होतं, तरीही आधी पेठच घेतली. कारण उघड आहे. दाणा-वैरण पेठेत असते. तिथून तो श्रीरंगपट्टणला गेला. १५ मेला अरिकेरेची लढाई जिंकली, आणि जिंकून अडकला. बैल मेले, धान्य संपलं, पाऊस सुरू झाला. वेढ्याच्या जड तोफा ओढायला जनावरंच उरली नाहीत, म्हणून त्या त्याने स्वतःच निकामी केल्या आणि उपाशी फौज मागे वळवली. रणांगणावर न हरता सप्लाय तुटल्यामुळे माघार घ्यावी लागली, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

माघारीच्या पहिल्याच दिवशी समोर घोडेस्वार दिसले. टिपूचे असावेत म्हणून कंपनीच्या लोकांनी बंदुका सरसावल्या. ते निघाले मराठे. हरिपंत फडके आणि धारवाडचा वेढा उरकून आलेले परशुरामभाऊ पटवर्धन. टिपूच्या स्वारांनी वाटेतले जासूद कापून काढल्यामुळे दोस्त इतके जवळ आल्याची कॉर्नवॉलिसला खबरच नव्हती.

मराठ्यांनी वाचवलं ते तलवारीने नव्हे, बाजाराने. त्यांच्या छावणीबरोबर बाजार चालत असे, आणि उपाशी इंग्रजी फौज त्या बाजारावर तुटून पडली. भाव अर्थातच चढे होते. पुढे म्हैसूरचा रेसिडेंट झालेल्या मार्क विल्क्स या अधिकाऱ्याने आपल्या दक्षिणेच्या इतिहासात या बाजाराचं वर्णन केलं आहे. बर्मिंगहॅमचा चाकू, काश्मिरी शाल, हिरे, बैल, मेंढ्या, कोंबड्या, कोकणातली सुकी मासळी. आणि भर रस्त्यात पाट मांडून बसलेले सराफ, त्यांच्यासमोर पूर्वेकडच्या देशोदेशीची नाणी. पैसा, भेटवस्तू, खाऊ, हत्यारं. माझ्या आईची यादीच म्हणा ना. पैशाची बाजूही ऐकण्यासारखी आहे. मराठ्यांनी खर्चासाठी कर्ज मागितलं, तेव्हा ते देण्यासाठी कॉर्नवॉलिसने चीनला निघालेल्या जहाजांवरची चांदी मद्रासला उतरवून घेतली.

इथपर्यंत वाचलं की मराठी छाती फुगते. माझीही फुगली होती. पण त्याच यादीत विल्क्सने आणखी एक वस्तू नोंदवली आहे: लुटलेल्या गरीब खेड्यातल्या पोरीचं कानातलं. एवढा माल छावणीत येतो तो पद्धतशीर लूट करणाऱ्यांच्याच, असा त्याचा शेरा आहे. विल्क्स कंपनीचा माणूस, आणि मार्चमध्ये पेठ पडल्यावर कंपनीच्या सैन्यानेही ती लुटलीच होती, तेव्हा त्याच्या शेऱ्यावर मी झोप उडवून घेणार नाही. पण त्याच १७९१ साली पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, हे खरं आहे. मठाला मदत पाठवली ती टिपूने. त्याची शंकराचार्यांना लिहिलेली कानडी पत्रं १९१६ मध्ये मठात सापडली. ज्या बाजाराने दोस्ताची फौज जगवली, त्याच बाजारात ते कानातलंही विकायला होतं. दोन्ही वाक्यं एकत्र म्हणता आली पाहिजेत, नाहीतर आपण इतिहास वाचत नाही, फक्त फेटा बांधतो.

असो. आता यादीकडे, कारण माझ्यानंतर इथे पोस्टिंगवर येणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

साडी घ्यायची तर सकाळी दुकानं उघडताना जा. दुपारनंतर लग्नाचे जथे येतात आणि मग तुमच्याकडे कुणी बघत नाही. दारात हात धरून नेणाऱ्या माणसामागे जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं. सिल्क मार्कचं लेबल पाहा आणि साडी दाराशी, उजेडात आणून रंग बघा. "स्वल्प कम्मी माडि", म्हणजे थोडं कमी करा, एवढं कानडी पाठ करा. भाव फार उतरत नाही, पण समोरचा हसतो आणि चार साड्या जास्त उलगडतो.

हत्यारांसाठी एस. पी. रोड. स्क्रूपासून सोल्डरिंगच्या बंदुकीपर्यंत सगळं मिळतं. पकड हातात घेऊन दोन-चार वेळा उघडझाप करा, मिटलेले दात उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर परत द्या. पेचकसांचा वीस नगांचा सेट घेऊ नका. त्यातले चारच वापरले जातात, ते चार चांगले घ्या.

खाऊ म्हणून कोडबळे, निप्पट्टू आणि काँग्रेस कडलेकाई, म्हणजे मसाला लावलेले तिखट शेंगदाणे. प्रवासात टिकतात आणि मेसमध्ये डबा उघडला की अर्ध्या तासात संपतात. स्वतःला भूक लागली तर मिलिटरी हॉटेल शोधा. नावावरून फसू नका, त्यांचा आपल्या कँटीनशी संबंध नाही. मटण मिळणाऱ्या खाणावळीला इथे हे नाव आहे, आणि त्यातल्या कितीतरी पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मराठा कुटुंबांच्या आहेत. पानाच्या द्रोणात बिर्याणी देतात. कानडीत द्रोणाला दोन्ने म्हणतात, म्हणून दोन्ने बिर्याणी.

राहिली बुगडी. नगर्थपेटेच्या एका बोळात, अंधाऱ्या जिन्याने वर गेल्यावर एक गलाईचं दुकान आहे. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. मी मोडक्या कानडीत सुरुवात केली. भट्टीशी बसलेल्या माणसाने मान वर करून म्हटलं, "बोला की मराठीत. कुठलं गाव?" तो खानापूर तालुक्यातला, सांगली जिल्हा. विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून गलाईवाले देशभर गेले, हे ऐकून होतो. भेट पहिल्यांदा झाली.

त्याने बुगडी काट्यावर ठेवली, वजन मला दाखवलं, कसोटीवर घासली. मोडल्यावर किती सोनं निघेल, मजुरी किती, सगळं कागदावर लिहून दिलं. मग म्हणाला, "मोडा म्हणाल तर पाच मिनिटांत लगड करून देतो. पण साहेब, सोनं उद्याबी मिळंल. असली घडण आता कोण करतंय? मी म्हणतो, हिची जोडी करून घ्या." आणि खाली तिसऱ्या दारातल्या कारागिराकडे मला पाठवलं. माझ्याकडून त्याने पैसा घेतला नाही. चहा मात्र पाजला.

जिना उतरताना मला विल्क्सच्या यादीतलं ते कानातलं आठवलं. तेही असंच कुणा सराफाच्या काट्यावर चढलं असणार, आणि ते कुणाचं हे त्या दिवशी कुणी विचारलं नसणार. माझ्या हातातल्या बुगडीबद्दल एका माणसाने विचारलं. स्वतःची मजुरी सोडून विचारलं. चांगला बाजार कुठला, याची मला सापडलेली खूण एवढीच.

जोडी पंधरा दिवसांत झाली. नवी बुगडी जुनीपेक्षा थोडी जास्त चकाकते. आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती आधी रागावली, "मोड म्हटलं होतं ना?" मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "साडीचा रंग कुठला घेतलास?"

जय हिंद.