टकटकणाऱ्या डिस्कचे कारागीर

भिलाईच्या पोलाद कारखान्याला दल्ली-राजहराच्या खाणींतून येणारा तांबडा दगड म्हणजे हेमेटाइट, अर्थात लोखंडाचं ऑक्साइड. सोव्हिएत रशियाशी या कारखान्याचा करार झाला १९५५ साली. पुढच्याच वर्षी, १९५६ च्या सप्टेंबरात, आयबीएमने अमेरिकेत ‘रॅमॅक’ नावाचं यंत्र जाहीर केलं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास ॲल्युमिनियमच्या तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांच्यावरचा लेपही लोखंडाच्या ऑक्साइडचाच होता. वजन टनाच्या घरात, साठवण साधारण पाच मेगाबाइट. आजच्या मोबाइलचा एखादा फोटोही त्यात जेमतेम मावेल. ही जगातली पहिली हार्ड डिस्क. भिलाईची पहिली धमनभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली तेव्हा असली यंत्रं भारतात कुणाच्या गावीही नव्हती.

कारखान्याचं क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागतं. म्हणून भिलाईत हयात घालवलेल्या पुष्कळांनी जी. ई. रोडलगतच्या नेहरू नगरसारख्या वसाहतींत घरं बांधली. त्यांत मराठी आडनावंही सापडतात. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर १८५४ पर्यंत होता, त्यामुळे मराठी माणूस या मुलखाला परका नाही. अशा घरातल्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक करू लागली, की पुढची वाट भूगोलानेच आखलेली: आधी जवळचा सुपेला बाजार, मग रायपूर, तिथेही हात टेकले तर रेल्वेने अडीचशेहून अधिक किलोमीटरवरचं नागपूर, आणि त्याच मुंबई-हावडा मार्गाच्या दुसऱ्या टोकाला मुंबई. या वाटेवर कोणत्या काळी कोण बसलेलं असे, ही मोठी रंजक गोष्ट आहे.

सुरुवातीला कुणीच बसलेलं नव्हतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या जमान्यात संगणक म्हणजे वातानुकूलित खोली आणि तिची देखभाल करणारे खास इंजिनिअर. वापरणाऱ्याने पेटीला हात लावायचा प्रश्नच नसे. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा तिची यंत्रं सांभाळायचं काम देशी इंजिनिअरांच्या गळ्यात पडलं. पण दुकानदारी सुरू व्हायला डिस्क लहान आणि स्वस्त व्हावी लागली. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची एसटी-५०६ काढली. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात सैल झाली आणि मग वीस मेगाबाइटची एसटी-२२५ भारतीय टेबलांवर पोचली.

ही एसटी-२२५ म्हणजे कारागिरीला भरपूर वाव असलेली चीज. तबकडीवर लिहिणारं-वाचणारं तिचं हेड स्टेपर मोटरने, पायरी-पायरीने सरके. धातू तापला की प्रसरण पावतो. त्यामुळे जानेवारीच्या सकाळी लिहिलेला ट्रॅक मे महिन्याच्या दुपारी हेडला नेमका सापडेलच याची खात्री नसे. यंत्र बंद करण्याआधी ‘पार्क’ची आज्ञा देऊन हेड सुरक्षित जागी न्यावं लागे, ते विसरून कुणी टेबल हलवलं की तबकडीवर ओरखडा. डिस्कच्या डोक्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असे आणि तीवर कारखान्यातच सापडलेल्या खराब जागांची यादी छापलेली असे, कितवा सिलिंडर, कितवं हेड अशी. डिस्क हट्टाला पेटली की मेकॅनिक डॉसमध्ये ‘डीबग’ उघडून ‘जी=सी८००:५’ एवढं टाइप करी, कंट्रोलरच्या पोटातला प्रोग्रॅम जागा होई, आणि चिठ्ठीवरचे आकडे एकेक करून भरत डिस्कची मुळापासून नव्याने आखणी होई. डेटा अर्थात जाई. पण डिस्क वाचे, आणि त्या काळी डिस्कच महाग होती.

काही डिस्क वेगळंच दुखणं घेऊन येत. बंद पडून राहिलेल्या डिस्कचं हेड तबकडीला चिकटून बसे आणि मोटर फिरेना. त्यावरचा इलाज म्हणजे डिस्क तळहातावर धरून मनगटाने एक झटका द्यायचा. तो पुष्कळदा चाले. याच झटक्याने पुढच्या पिढीतल्या कित्येक डिस्कचा मात्र बळी घेतला, कारण डिस्क बदलली तरी हाताची सवय बदलली नाही.

नव्वदच्या दशकात बिघाडाने रूप पालटलं. डिस्क धडधाकट, पण आतली मांडणीच उद्ध्वस्त! पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर याच सुमाराला कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसच अधिक सापडू लागले, तेव्हा त्यांचे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यातूनच ‘क्विक हील’ उभं राहिलं. एका दुरुस्ती-दुकानाने हार्डवेअरकडून सॉफ्टवेअरकडे मारलेली ही उडी साऱ्या धंद्याची दिशा सांगते. तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ ला फुटला. डिस्कचा पहिला मेगाबाइट तो शून्यांनी भरून टाकी. मालकाच्या लेखी डिस्क मेली. पण मोठ्या फॅट-३२ डिस्कवर फाइलींच्या अनुक्रमणिकेची दुसरी प्रत त्या मेगाबाइटच्या पलीकडे शाबूत राहत असे. हे ज्याला ठाऊक होतं त्याने पहिली प्रत दुसरीवरून बांधून काढली. ज्याला ठाऊक नव्हतं त्याने डिस्क फॉरमॅट केली आणि बिल लावलं.

मुंबईत हा सगळा बाजार ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर भरे. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते पत्ता लिहिण्यापुरतं. डिस्कच्या खालच्या हिरव्या बोर्डावरची एखादी चिप जळली, की त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून चार स्क्रूंवर बसवायचा, डिस्क पुन्हा घुमू लागे. ही युक्ती बरीच वर्षं चालली. मग कंपन्यांनी प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी, म्हणजे कोणतं हेड किती ताकदीने लिहितं यांसारखे बारकावे, बोर्डावरच्या रॉममध्ये साठवायला सुरुवात केली. आता बोर्ड नुसता बदलून भागेना. जुनी चिप हलक्या हाताने उपटून नव्या बोर्डावर डाग देऊन बसवावी लागे. ज्यांच्या हातात गरम हवेची सोल्डरिंग गन होती ते टिकले, बाकीचे मोबाइलकडे गेले.

खरी सत्ता मात्र दूर भलतीकडेच एकवटत होती. रशियाच्या रोस्तोव-ऑन-डॉन शहरात १९९१ साली स्थापन झालेल्या एस लॅबोरेटरीने ‘पीसी-३०००’ नावाचं साधन केलं. डिस्क स्वतःचे कायदेकानू तबकडीवरच एका राखीव भागात लिहून ठेवते. तो भाग बिघडला तर सगळी फिरती यंत्रणा ठीक असूनही डिस्क आपली क्षमता शून्य सांगते. हे साधन थेट त्या राखीव भागाशी बोलतं. आज जगभरच्या डेटा-रिकव्हरी प्रयोगशाळांत, भारतातल्याही, हेच वापरलं जातं. ज्या भिलाईत सोव्हिएत इंजिनिअरांसाठी रशियन कॉम्प्लेक्स वसलं, तिथल्या घरातली बिघडलेली डिस्क वाचवण्याचा प्रश्न पुन्हा एका रशियन यंत्राशी येऊन ठेपावा, हा योगायोग चुकवण्यासारखा नाही.

डिस्क उघडण्याची वेळ आली तर काम आणखी अवघड. हेड तबकडीवरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. माणसाचा केस त्याच्या कित्येक हजार पट जाड. म्हणून झाकण उघडायचं ते गाळलेल्या हवेच्या खोलीतच. पंख्याखाली झाकण काढून आत डोकावणाऱ्यांनी जितक्या डिस्क मारल्या तितक्या विजेच्या झटक्यांनी मारल्या नसतील, असं म्हणायला हरकत नाही. फ्रीजरमध्ये डिस्क ठेवण्याचा तोडगाही असाच: आत दव साचतं आणि उरलीसुरली आशा संपते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली. पुरात भिजलेली डिस्क उन्हात वाळवावी असं कुणालाही वाटेल. प्रयोगशाळा सांगतात ती ओलीच आणा, कारण गाळ वाळला की तबकडीला घट्ट बसतो.

याउलट जे काम नीट हातात पडलं त्याचं उदाहरण कोलंबिया यानाचं. १ फेब्रुवारी २००३ ला ते यान आकाशात फुटलं. अवशेषांत महिन्यांनी सापडलेल्या एका जळक्या डिस्कमधून सुमारे ९९ टक्के डेटा निघाला आणि झेनॉन वायूवरच्या प्रयोगाचा निबंध २००८ मध्ये छापूनही आला. तबकड्या वाकल्या नव्हत्या, आणि मधल्या काळात कुणी ती डिस्क ‘एकदा लावून बघू’ म्हणून चालू केली नव्हती.

डिस्क आधी इशारा देते यावर मात्र फार विसंबू नये. त्यासाठी ‘स्मार्ट’ नावाची स्वयंतपासणी डिस्कमध्ये असते. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी त्या तपासणीत एकही खूण दाखवली नव्हती.

या धंद्यात आज मेलेल्या डिस्कलाही भाव आहे. तिची हेडं चांगली असली तर ती दुसरीसाठी दाता ठरते. पण दाता जुळवायचा तर मॉडेल, कुटुंब, हेडांची संख्या, उत्पादनाची तारीख, कधी कधी लेबलवरचा देशही पाहावा लागतो, थायलंड की चीन. मेमरी चिपांवरच मजकूर साठवणाऱ्या एसएसडीने हा बाजारच मोडीत काढायला घेतला आहे. तिला हेड नाही, तबकडी नाही, टकटकही नाही. खोडलेल्या फाइलींची जागा ‘ट्रिम’ची आज्ञा मिळाली की ती साफ करते, आणि पुष्कळ एसएसडींत मजकूर कंट्रोलरच्या किल्लीने कुलूपबंद असतो, तो कंट्रोलर जळाला तर शेजारच्या मेमरी चिपा सुस्थितीत असूनही दुकानदार त्या ग्राहकाला तशाच परत करतो.