दोघांचे भांडण, तिसऱ्याचा तोटा : अमेरिकेची १८७६ ची निवडणूक



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. एकमेकांना न ओळखणारी माणसे एका मांडवात येऊन बसतात, न पटणारे विचारही शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि वाद घालायचा तो घरी जाताना वाटेत घालतात, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पुढच्याच वर्षी, १८७६ त, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची एक निवडणूक झाली. तिच्या निकालावरून तिकडची अनोळखी माणसे जवळजवळ चार महिने एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. त्या भांडणाची हकीकत आज सांगावयाची आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली, आणि जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले. तेव्हा हा इतिहास आम्हांला जसा दिसला तसा मांडतो. चुकेल तिथे आपण दुरुस्त करावेच.

प्रथम काळ ध्यानात घेतला पाहिजे. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि सहा लाखांहून अधिक माणसे मेली. त्यातून १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, आणि १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांचा मताधिकार घटनेत आला. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ज्या अमेरिकनांना अर्पण केले, ते हेच गुलामांना मुक्त करणारे अमेरिकन. पण त्याच १८७३ च्या सप्टेंबरात जे कूक यांची मोठी पेढी बुडाली आणि देशभर मंदी आली. कारखाने थंडावले, मजुरी घसरली, बेकारांच्या रांगा लागल्या. १८७४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स चौकात काम मागायला जमलेल्या बेकारांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या.

अशा स्थितीत ७ नोव्हेंबर १८७६ रोजी मतदान झाले. रिपब्लिकन पक्षाचे रदरफोर्ड हेज हे ओहायओचे गव्हर्नर, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युअल टिल्डन हे न्यूयॉर्कचे गव्हर्नर. मताधिकार असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांनी मत दिले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत इतके मतदान ना आधी झाले ना नंतर.

त्या काळी मत गुप्त नव्हते, हे विसरता कामा नये. सरकारी मतपत्रिका नसे. प्रत्येक पक्ष आपापली पत्रिका छापी, बहुधा वेगळ्या रंगाच्या कागदावर, आणि मतदार ती हातात घेऊन पेटीपर्यंत जाई. कोण कोणाचा हे साऱ्या गावाला दिसे. मालकाला दिसे, मुकादमाला दिसे, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गुंडालाही दिसे. गुप्त मतदानाचा कायदा राज्याच्या पातळीवर प्रथम मॅसॅच्युसेट्समध्ये १८८८ साली झाला. म्हणून तेव्हाचा पक्ष ही मनात जपण्याची गोष्ट नव्हती, ती टोपीसारखी डोक्यावर मिरवण्याची गोष्ट होती. युद्धातल्या जुन्या शिपायांना रिपब्लिकन सांगत, जिकडे गोळी झाडलीत तिकडेच मत टाका. आयरिश मजूर बहुतांशी डेमोक्रॅट होते. काळा मतदार रिपब्लिकन होता, कारण दुसरा पक्ष त्याच्या जुन्या मालकाचा होता.

दुसऱ्या दिवशी बहुतेक पत्रांनी टिल्डन निवडून आल्याचे छापले. देशभरच्या मतांत ते सुमारे अडीच लाखांनी पुढे होते. पण तिकडे राष्ट्राध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे निर्वाचक. त्यांची संख्या ३६९, आणि विजयाला हवे होते १८५. टिल्डनकडे १८४ नक्की होते, हेजकडे १६५. उरलेल्या २० जागांवर दोन्ही पक्षांनी हक्क सांगितला. फ्लॉरिडाच्या ४, लुइझियानाच्या ८, साउथ कॅरोलायनाच्या ७, आणि ओरेगॉनची १. दक्षिणेच्या तिन्ही राज्यांतून निर्वाचकांची परस्परविरोधी प्रमाणपत्रे राजधानीत आली. सेनेटच्या अध्यक्षाने ती उघडावीत आणि मग मते मोजली जावीत, एवढेच घटनेत लिहिले होते. मोजायची कोणी, हे लिहिलेच नव्हते. सेनेट रिपब्लिकनांचे आणि प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांचे, म्हणजे कुलूप एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे.

मग भांडणाला तोटा कसला? वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोर तारेने आलेल्या बातम्यांचे फलक लागत आणि त्यांच्यापुढे गर्दी जमे. शेजारी उभा असलेला माणूस कोण, काय करतो, त्याच्या घरी चूल पेटली आहे की नाही, याची चौकशी कोणी करीत नसे. विचारायचे ते एकच, हेज की टिल्डन? आगगाडीच्या डब्यात तेच, दारूच्या गुत्त्यात तेच. ‘टिल्डन किंवा रक्त’ अशी घोषणा निघाली. केंटकीचे संपादक आणि प्रतिनिधी हेन्री वॉटर्सन यांनी एक लाख निःशस्त्र नागरिकांनी राजधानीत जमावे असे आवाहन केले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी राजधानीतली फौज वाढवली. यादवी संपून पुरती बारा वर्षेही झाली नव्हती, आणि लोक पुन्हा बंदुका पुसण्याची भाषा बोलू लागले.

मजूर-चळवळीतला माणूस इथे चटकन म्हणेल की दोन्ही पक्ष धनिकांचे, मग गरिबांनी डोकी का फोडून घ्यावीत? हे म्हणणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. साउथ कॅरोलायनात हॅम्बर्ग नावाचे गाव होते. तिथे १८७६ च्या जुलैत गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी सहा काळ्या नागरिकांना ठार केले, त्यांतल्या बहुतेकांना पकडल्यानंतर. निवडणुकीच्या दिवसांत तिथे लाल सदरे घातलेले घोडेस्वार काळ्या मतदारांना धाक घालीत फिरत. मोजलेली मते मतदारांच्या संख्येहूनही जास्त भरली. कापसाच्या शेतात राबणाऱ्या त्या काळ्या मजुराला विचारले असते, दोन्ही पक्ष सारखेच ना? तर त्याने काय उत्तर दिले असते? त्याच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न होता. म्हणून त्या भांडणाला नुसता मूर्खपणा म्हणून हसणे आम्हांला मान्य नाही.

मिटवणूक झाली ती अशी. २९ जानेवारी १८७७ रोजी ग्रँट यांनी एका कायद्यावर सही केली आणि पंधरा जणांचा आयोग नेमला गेला. पाच सेनेटचे, पाच प्रतिनिधिगृहाचे, पाच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. हिशोब असा की सात इकडचे, सात तिकडचे आणि पंधरावे डेव्हिड डेव्हिस कोणाचेच नव्हेत. पण त्याच सुमारास इलिनॉयच्या विधिमंडळाने डेव्हिस यांना सेनेटवर निवडून दिले आणि त्यांनी आयोगावर बसण्याचे नाकारले. त्यांच्या जागी आलेले जोसेफ ब्रॅडली रिपब्लिकन होते. प्रत्येक वादग्रस्त राज्याचा निकाल ८ विरुद्ध ७ असाच लागला. २ मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास जाहीर झाले की हेज १८५, टिल्डन १८४. पराभूतांनी हेज यांचे नाव बिघडवून ‘रदरफ्रॉड’ केले. टिल्डन यांनी मात्र अनुयायांना रस्त्यावर उतरवले नाही, आणि हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

आता पडद्यामागे पाहू. २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी राजधानीतल्या वर्मली हॉटेलात हेज यांची माणसे आणि दक्षिणेचे डेमोक्रॅट पुढारी एकत्र बसले. हेज यांना अध्यक्ष होऊ द्यावे, आणि दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या रिपब्लिकन सरकारांमागची फौज हेज यांनी काढून घ्यावी, असा बोलण्याचा आशय होता. हॉटेलाचे मालक जेम्स वर्मली स्वतः काळे होते! इतिहासकार व्हॅन वुडवर्ड यांनी १९५१ साली एका ग्रंथात दाखवले की या देवघेवीत रेल्वेचे भांडवलदारही होते. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अध्यक्ष टॉम स्कॉट यांना टेक्सासकडच्या नव्या रेल्वेसाठी सरकारी मदत हवी होती. या सौद्याने निकाल किती फिरला याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. फौजेच्या बाबतीत मात्र वाद नाही. १० एप्रिलला साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनातून आणि २४ एप्रिलला लुइझियानातून ती बराकीत परतली, आणि दोन्ही सरकारे कोसळली.

आम्हां युनियनवाल्यांना अशा करारांची ओळख आहे. मालक आणि पुढारी टेबलावर बसतात, सह्या होतात, गेटवर पेढे वाटले जातात. मग कोणीतरी बदली कामगार येऊन विचारतो, साहेब, यात आमचे नाव कुठे आहे? १८७७ च्या करारात काळ्या माणसाचे नाव नव्हते. त्याचा परिणाम एका दिवसात दिसला नाही, पण दिसला. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते, ते १९०४ साली १,३४२ उरले. तो मताधिकार खऱ्या अर्थाने परत यायला १९६५ चा कायदा उजाडावा लागला. मधल्या तीन पिढ्या गेल्या.

आणि ज्या गोऱ्या कामगारांनी हेज-टिल्डनसाठी घसे कोरडे केले, त्यांचे काय झाले? टॉम स्कॉट यांच्या कंपनीने १ जूनपासून मजुरीत दहा टक्के कपात केली. बाल्टिमोर आणि ओहायओ रेल्वेने १६ जुलैपासून तेवढीच केली. त्या काळच्या मालगाडीचा ब्रेकवाला धावत्या डब्यांच्या टपांवरून चालत जाऊन हाताने ब्रेक आवळी. पाय घसरला की संपला. त्याचाच पगार कापला. मार्टिन्सबर्ग स्थानकात गाड्या उभ्या राहिल्या आणि संप वणव्यासारखा पसरला. पिट्सबर्गमध्ये दोन इंजिने लावून दुप्पट डब्यांची गाडी एकाच गाडीच्या माणसांकडून चालवून घेण्याचा हुकूम निघाला आणि तिथेही काम थांबले. तिथले शिपाई आपल्या शेजाऱ्यांवर गोळी झाडायला राजी होईनात, म्हणून फिलाडेल्फियाहून परके शिपाई आणले. २१ जुलैला त्यांच्या गोळीबारात सुमारे वीस माणसे पडली. चिडलेल्या जमावाने रेल्वेचे आवार पेटवले, त्यात १०४ इंजिने गेली. देशभर मेलेल्यांचा आकडा शंभराच्या घरात गेला.

संप मोडायला केंद्राची फौज मागितली कोणी? वेस्ट व्हर्जिनिया आणि मेरीलँड यांच्या गव्हर्नरांनी, आणि ते होते डेमोक्रॅट. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनीही मागितली, ते रिपब्लिकन. एप्रिलपर्यंत ज्या पक्षाला राज्यात केंद्राची फौज म्हणजे जुलूम वाटत होती, त्याच पक्षाचे लोक जुलैत ती तारेने बोलावीत होते. हेज यांनी ती दिली. हॅम्बर्गच्या माणसांसाठी जी फौज देशाला जड झाली होती, ती रेल्वेच्या मालकांसाठी जड झाली नाही. आणखी एक गोष्ट सांगतो. फौजेच्या वापरावरून दोन सभागृहांचे जमले नाही, त्यामुळे सैन्याचा खर्चच मंजूर झाला नव्हता. संपकऱ्यांवर बंदुका रोखून उभ्या असलेल्या त्या शिपायांना जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत पगार मिळाला नाही. कपात झालेला मजूर एका बाजूला, पगारच न मिळालेला शिपाई दुसऱ्या बाजूला. दोघेही अनोळखी, आणि नोव्हेंबरात दोघांनी कदाचित एकाच रंगाची पत्रिका पेटीत टाकलेली.

आमच्या चळवळीचा दोषही इथे झाकू नये. त्या काळच्या इंजिनचालकांच्या संघटनेचे दार काळ्यांना बंद होते. सेंट लुइसच्या संपात धक्क्यावरचे काळे हमाल गोऱ्यांच्या बरोबरीने उतरले, तर गोरे पुढारीच बिचकले. एप्रिलमध्ये ज्याला एकटे सोडले, तो जुलैत बळकट सोबती कसा होणार? त्याच १८७७ साली आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये मजुरीच्या दरावरून संप झाल्याची नोंद आहे. आपल्याकडेही खात्याखात्यांत जातीच्या भिंती होत्या, आणि त्या आपोआप पडल्या नाहीत.

१८७६ च्या गोंधळातून १८८७ साली मते मोजण्याचा कायदा झाला. २००० साली फ्लॉरिडात ५३७ मतांवरून पुन्हा तसाच वाद झाला. ६ जानेवारी २०२१ रोजी तर मते मोजण्याच्या दिवशीच जमाव संसदेत घुसला, आणि २०२२ साली तो जुना कायदा दुरुस्त करावा लागला. म्हणजे हे प्रकरण जुने झालेले नाही, आणि केवळ अमेरिकेचेही नाही.

निवडणुकीवरून भांडू नका, असे आम्ही सांगणार नाही. ज्या देशात कोणी भांडत नाही तिथे बहुधा कोणाला बोलताच येत नाही. पण गाडीत, नाक्यावर, खानावळीत अनोळखी माणसाशी पक्षावरून वाद जुंपला, तर तो टिपेला पोचण्याआधी त्याला एवढे विचारा की तू काम कुठे करतोस, पगार किती, आणि या निकालाने तुझ्या घरात काय बदलणार आहे. आणि वरचे पुढारी हस्तांदोलन करू लागले, भांडण मिटले म्हणून वाजंत्री वाजू लागली, की पाहा, त्या खोलीत कोण नाही. किंमत बहुधा त्याच्याच नावावर मांडलेली असते.