निर्जंतुकीकरण उपपदार्थ (पेयजलातील)
पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये व क्लोरीन यांच्या अभिक्रियेतून तयार होणारी रासायनिक संयुगे. योहानेस रूक यांनी नेदरलँड्समध्ये १९७४ साली ती प्रथम दाखवून दिली. ट्रायहॅलोमिथेने (क्लोरोफॉर्म इ.) व हॅलोॲसेटिक अम्ले हे त्यांचे प्रमुख गट होत. कुजलेला पालापाचोळा, शेवाळ व सांडपाणी यांतून सेंद्रिय द्रव्ये पाण्यात येतात. उष्णता, क्लोरीनची वाढीव मात्रा आणि पाणी टाकीत व नळांत दीर्घकाळ राहणे यांमुळे उपपदार्थ वाढतात.

उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातील बारामती शहराला नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते. कालव्याला पाणी सोडण्याच्या दोन आवर्तनांमधील काळात ते साठवण तलावात राहते व तेथे शेवाळ वाढू शकते. इंदापूर तालुक्याच्या सीमेवरील उजनी जलाशयात (→ भीमा नदी) पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोचते, त्यामुळे तेथील शेवाळवाढ तीव्र असते. अशा पाण्यात उपपदार्थ बनण्यास लागणारी द्रव्ये मुबलक असतात. ग्रामपंचायतींत टीसीएल (विरंजक) पावडर अंदाजाने टाकल्यास क्लोरीनची मात्रा सहज चुकते.

उपपदार्थयुक्त पाण्याच्या दीर्घकालीन सेवनाचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. कर्कजनकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात क्लोरोफॉर्म ‘संभाव्य कर्कजनक’ (२ब) गटात मोडते. स्नानाच्या वेळी ते श्वासावाटे व त्वचेतूनही शरीरात जाते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिग्रॅ. आहे. मात्र जंतुयुक्त पाण्यातून होणाऱ्या पटकी, विषमज्वर यांचा धोका कितीतरी अधिक व तत्काळ असल्याने क्लोरिनीकरण थांबविणे धोक्याचे ठरते. क्लोरीन देण्यापूर्वीच तुरटीने निवळण व गाळण करून सेंद्रिय द्रव्ये काढणे हा मुख्य उपाय होय (→ जलशुद्धीकरण).