काठी, तोटी आणि काटा

मोटारीच्या टाकीत तेल किती उरले आहे हे चालकास बसल्या जागी कळावे, ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु मुंबईच्या रस्त्यांवर मोटार-लॉरी धावू लागली तेव्हा, आणि पुढेही कित्येक वर्षे, तेलाचा अंदाज हा यंत्राचा नसून चालकाच्या डोक्याचा विषय होता.

या इतिहासाचा माग काढावयाचा तर शीव कोळीवाड्याइतकी सोयीची जागा दुसरी सापडणे कठीण. शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट येथे संपत असे. सन १८०५ मध्ये शिवेचा बांध पुरा झाला आणि बेटाची गाठ साष्टीशी पडली. पुढे नाशिककडे जाणारा आग्रा रोड आणि बोरघाट चढून पुण्यास जाणारा रस्ता, या दोहोंसाठी शहर सोडावयाचे ते येथूनच. दक्षिणेस शिवडी; तेथे जनरल मोटर्स कंपनीने १९२८ पासून शेव्हरोलेट गाड्या जुळवावयास आरंभ केला. उत्तरेस कुर्ला, तेथे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून डॉज व फार्गो जातीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पूर्वेस तुर्भे, तेथे १९५४ व १९५५ या लागोपाठच्या दोन वर्षांत दोन तेलशुद्धी कारखाने सुरू झाले. सारांश, चार-सहा मैलांच्या टापूत लॉरी तयार होई, तिचे तेल तयार होई, आणि तिच्या लांबच्या प्रवासाचा आरंभही होई.

आरंभीच्या गाड्यांत मापाचे साधन म्हणजे काठी. १९०८ ते १९२७ या काळात लाखांनी खपलेल्या फोर्डच्या टी गाडीची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. तेल पाहावयाचे झाल्यास चालकाने खाली उतरावे, गादी उचलावी, झाकण काढावे आणि खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवावी. ओल जेथवर चढली तेथवर तेल. माप बिनचूक, पण गाडी उभी असतानाच मिळणारे. या गाडीत तेल ओढणारा पंप नव्हता. ते आपल्या वजनानेच यंत्राकडे उतरत असे. त्यामुळे टाकी अर्ध्याखाली गेली आणि पुढे उभा चढ आला, की यंत्र टाकीच्या वर जाई आणि तेल पोहोचेनासे होई. त्यावर चालकांनी शोधलेला तोडगा मोठा गमतीचा आहे. गाडी वळवावी आणि घाट उलट्या तोंडाने चढावा! टाकीत तेल असूनही गाडी उपाशी राहते, हा धडा मोटारवाल्यांनी असा प्रथम घेतला. टाकीत किती आहे आणि त्यातले हाती किती लागेल, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

काठीनंतरची युक्ती तोटीची. टाकीच्या तळातून दोन नळ्या वर घ्यावयाच्या, एक उंच व एक आखूड. तोटी नेहमीच्या जागी असता तेल उंच नळीतून वाहते. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली की गाडी आचके देऊ लागते. मग तोटी फिरवावी, म्हणजे आखूड नळी उघडते आणि राखीव तेल मिळते. मराठीत ‘गाडी रिझर्व्हला आली’ हा वाक्प्रचार रूढ झाला तो या तोटीमुळेच. जर्मनीच्या फोक्सवॅगन मोटारीने तर १९६१ पर्यंत काटा म्हणून बसविला नाही. तोटीवरच तिचे भागले. यातला धोका एकच, परंतु तो चांगलाच महाग पडे. तेल भरल्यावर तोटी पूर्वस्थितीत आणावयाचे राहून गेले, तर पुढच्या खेपेस सूचना न मिळताच टाकी कोरडी पडावयाची.

काटा आला तो विजेचा. टाकीत तरंगणारा पोकळ गोळा, त्याला जोडलेला दांडा, दांड्याच्या टोकाशी विजेच्या प्रवाहास कमीअधिक अडविणारी तार, आणि समोरच्या फळीवर त्या प्रवाहाने हलणारा काटा, अशी ही रचना. रस्त्याच्या हिसक्यांनी गोळा सारखा नाचतो, म्हणून पुढे काटा मुद्दाम मंद करण्यात आला. तो सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. परंतु काटा अर्ध्यावर म्हणजे टाकी अर्धी, हा समज बहुधा खोटा ठरतो. टाकी चौकोनी पेटीसारखी नसते; चासीच्या सांदीत बसावी म्हणून तिला कोठे फुगवटा, तर कोठे खळगा दिलेला असतो. शिवाय गोळ्याला भोक पडून तो बुडाला, तर भरल्या टाकीवरही काटा शून्यावर. जोडणीची तार गंजून तुटली, तर काही गाड्यांत काटा रिकामी दाखवितो आणि काहींत चक्क भरलेली. दुसरा प्रकार अर्थातच अधिक घातक. जुन्या लॉरीचे काटे वर्षानुवर्षे बंद असत आणि मालक ते दुरुस्त करीत नसत, यात नवल नाही. काट्यावाचून गाडी अडत नव्हती.

अडे ती तेलावाचून, आणि तेही एकट्या गाडीचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, पेट्रोलवर नियंत्रण आले व कूपने सुरू झाली. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये येनांजावच्या तेलविहिरी माघार घेणाऱ्या इंग्रजांनी स्वतःच निकामी केल्या, आणि ब्रह्मदेशाचे तेल हिंदुस्थानास बंद झाले. तेव्हा अनेक लॉऱ्यांच्या पाठीशी लोखंडी भट्टी आली. लोणारी कोळसा जाळून निघणाऱ्या वायूवर यंत्र चाले. शक्ती बरीच घटे, चढावर दम लागे, सकाळी भट्टी पेटविण्यात वेळ जाई. पण इंधन किती उरले हे पोत्याकडे पाहून कोणासही सांगता येई. त्याच युद्धाने आपल्याकडे जरीकॅन आणला. जर्मन सैन्याच्या या वीस लिटरच्या डब्याचे दोस्तांनी अनुकरण केले, आणि पुढे तो बैठकीमागे बांधलेला राखीव साठा म्हणून लॉरीवाल्यांच्या घरचाच झाला.

फाळणीनंतर शीव कोळीवाड्याच्या लष्करी बराकींत पंजाब-सिंधकडील निर्वासितांची छावणी पडली. मूळ वस्ती कोळ्यांची, त्यांच्या शेजारी हे नवे लोक आले, आणि त्यांतील अनेकांनी मालवाहतुकीचा धंदा धरला. त्या काळचा पुण्याचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. ठाण्याची खाडी ओलांडणारा वाशीचा पूल १९७३ मधला. तोपर्यंत लॉरीने ठाणे, मुंब्रा, पनवेल असा वळसा घ्यावयाचा. मुंबईपासून पुणे सुमारे १२० मैल पडे. उदाहरणादाखल, गॅलनला १२ मैल जाणारी गाडी व १२ गॅलनांची टाकी धरली, तर हिशेबाने १४४ मैल होतात. म्हणजे पुणे गाठून दोन गॅलन शिल्लक. हा झाला कागद. खोपोलीस घाट लागला की दीड-दोन हजार फूट चढावयाचे, तेही भरल्या मालाने आणि खालच्या गियरमध्ये. तेथे गॅलन पाच-सहा मैलांतच संपला तर आश्चर्य नको. त्यात चढावर तेल टाकीच्या मागच्या अंगास लोटते आणि नळीचे तोंड उघडे पडते. म्हणून जाणता चालक पनवेल किंवा खोपोली सोडण्यापूर्वी काठी घालून पाहत असे, काटा काहीही सांगो. माल बर्फातली मासळी असली, तर घाटातला दोन तासांचा खोळंबा म्हणजे सगळ्या खेपेचे नुकसान.

डिझेलची लॉरी आली तेव्हा टाकी कोरडी करण्याची शिक्षा आणखी वाढली. पेट्रोलच्या गाडीत डबाभर तेल ओतले की ती बहुधा चालू लागते. डिझेलच्या गाडीत रिकाम्या नळ्यांतून हवा शिरते. ‘गाडीने एअर घेतली’ असे मिस्त्री म्हणतात. मग पान्याने नट सैल करावयाचे, हातपंप मारावयाचा, आणि बुडबुडे थांबून निर्मळ तेल येईतो रस्त्याच्या कडेला बसावयाचे.

पण काटा बंद असण्याचे खरे मोल चुकविले ते चालकाने. तेल मालकाचे, गाडी चालकाच्या हाती. ‘अॅव्हरेज’ कमी पडले की पहिला संशय चालकावर. टायरमध्ये हवा कमी होती, कार्ब्युरेटर गळत होता, घाटात लॉऱ्यांची रांग लागली होती, ही कारणे खरी असली तरी ती सिद्ध कशी करावयाची? यावर धंद्यातच एक न्याय्य रीत निघाली. निघताना टाकी काठोकाठ भरावी, परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. जितके तेल मावले तितके जळले. मैलांना त्याने भागले की वाद मिटला. या ‘फुल टू फुल’ रीतीस काटा लागत नाही, आणि कित्येक प्रामाणिक माणसांची नोकरी तिने राखली असेल. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, गॅलनचा लिटर आणि मैलाचा किलोमीटर झाला, तरी रीत तीच राहिली.

‘टेम्पो’ हा शब्दही याच काळातला. हॅम्बुर्गच्या कारखान्याचे हे व्यापारी नाव. त्याच्या सहकार्याने बजाज टेम्पोने १९५८ पासून गोरेगावात तीनचाकी मालगाड्या काढल्या, आणि आज मराठी माणूस कोणत्याही लहान मालगाडीस टेम्पोच म्हणतो.

धोक्याचा दिवा सर्वांत उशिरा आला. काही गाड्यांत टाकीच्या तळाशी एक लहानसा मणी असतो. तेलात बुडालेला असेतो तो थंड राहतो आणि प्रवाह अडवितो. तेल खाली गेले की तो उघडा पडून तापतो, अडथळा कमी होतो आणि दिवा लागतो. दिवा चढावर लागतो आणि सपाटीवर विझतो, तो बिघडला म्हणून नव्हे. तेल हलते म्हणून. मात्र जुन्या पिकअपमध्ये तळाचा गाळ आणि गंज नळीत ओढला जाण्याचे भय असते, आणि नव्या गाड्यांत टाकीतला विजेचा पंप तेलानेच थंड राहतो. यास्तव दिवा लागण्याची वाट न पाहता पाव टाकीवर पंप शोधणारा चालक दोन्ही युगांत शहाणा.

महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाल्यावर मुंबईतील पुष्कळ टॅक्सी आणि लहान मालगाड्या सीएनजीवर गेल्या. येथे ना काठी चालते ना गोळा. मोजावयाचा तो दाब, आणि समोर असतात चार हिरवे दिवे. भरतेवेळी वायू तापतो, दाब दोनशेच्या घरात जातो आणि चारही दिवे लागतात. तासाभराने नळकांडे निवले की त्यांतला एक आपोआप विझतो. शीवच्या रस्त्यावर रांगेत ताटकळून वायू भरणारा चालक म्हणूनच पहिल्या दिव्यावर विश्वास ठेवीत नाही. तो किलोमीटरचा आकडा शून्यावर आणतो आणि मगच गाडी हलवितो.