आडवाटेवरचे दिवे

बैलगाडीच्या साट्याखालीं, आंसाजवळ कंदील टांगण्याची चाल देशावर आणि कोंकणांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. परक्या माणसास ती प्रथमदर्शनीं वेडगळ वाटावी अशीच आहे. दिवा उंच धरला म्हणजे दूरचें दिसतें, हा सर्वसाधारण समज. येथें तर तो जमिनीपासून हात-दीड हातावर लोंबतो, बैलांच्या पायांच्या लांबलचक सावल्या कडेच्या झाडांवर नाचवितो आणि गाडीवानास चार पावलांपलीकडचें कांहींच दाखवीत नाहीं. परंतु गाडीवानास पाहावयाचें असे तें तेवढेंच. चाकोरीची खोली, दगडाचा उंचवटा, ओढ्याकांठचा चिखल हीं सारीं खालून तिरप्या येणाऱ्या उजेडांत सावलीसह उठून दिसतात. वरून पडणाऱ्या उजेडांत तींच सपाट होऊन जातात. शिवाय दिवा डोळ्यांच्या पातळीखालीं असल्यानें हांकणाऱ्याच्याही डोळ्यांवर तिरीप येत नाहीं आणि समोरून येणाऱ्याच्याही.

मोटार आली आणि हा हिशेब बदलला. बैल ताशीं तीन-चार किलोमीटर चाले. कंदिलानें दाखविलेला दगड चाकाखालीं येण्यापूर्वीं त्याला थांबविण्यास भरपूर वेळ असे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असें धरलें, तरी तेवढ्यांत २५ मीटर सरतात, आणि ब्रेकचें काम अद्याप सुरूच व्हावयाचें असतें. सुट्या मुरुमावर गाडी थांबण्यास आणखीच अंतर लागतें. तेव्हां उजेड दूर फेकणें भाग पडलें. त्यांतली अडचण अशी कीं, अंतर दुप्पट झालें तर तेवढाच लख्खपणा येण्यास प्रकाश चौपट लागतो. नुसती वात मोठी करून हें साधणारें नव्हतें. असलेला उजेड गोळा करून एका दिशेस लावणें हाच उपाय होता. मोटारीच्या, आणि विशेषतः आडरानांत जाणाऱ्या मोटारीच्या, जादा दिव्यांची सारी कथा ‘कोणत्या दिशेस?’ या एका प्रश्नाभोंवतीं फिरते.

पहिल्या मोटारींना घोडागाडीचेच तेलाचे दिवे होते. त्यांच्या जागीं कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचा थेंब थेंब पडला कीं ॲसिटिलीन वायु निघतो. त्याची ज्योत पांढरीशुभ्र, आणि तिच्यामागें आरसा. जत्रेंतल्या दुकानांवर हा दिवा व त्याचा तो उग्र वास ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांस अधिक सांगणें नको. मोटारीवर मात्र तो त्रासदायक होता. खाचखळग्यांत पाणी हिंदकळे, ज्योत फडफडे. थंड देशांत पाणीच गोठे. १९०४ पासून अमेरिकेंत प्रेस्ट-ओ-लाइट कंपनीनें हा वायु नळकांड्यांत भरून देण्यास आरंभ केला. पण तो वायु किती घातकी, याची साक्ष स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांच्या आयुष्यानेंच दिली. ॲसिटिलीनवर चालणाऱ्या दीपगृहांतील दिव्यांसाठीं त्यांनीं जन्म वेंचला. १९१२ सालीं एका स्फोटांत त्यांचे डोळे गेले आणि त्याच वर्षीं त्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. योगायोगानें त्याच साली कॅडिलॅक मोटार बॅटरी, डायनॅमो व विजेचे दिवे घेऊन बाजारांत आली, आणि कार्बाइडची सद्दी संपत चालली.

विजेच्या दिव्याचा खरा लाभ स्वच्छतेचा नव्हे. टंग्स्टनच्या तंतूचें वेटोळें लहानसें असतें, तें परावर्तकाच्या बरोबर केंद्रस्थानीं बसवितां येतें, आणि मग उजेडाचा झोत होतो. केंद्रापासून केंसभर सरकलें तर तोच झोत फिसकटतो. झोत जितका चांगला, तितकी समोरच्याच्या डोळ्यांची दैना. म्हणून एकाच बल्बांत दोन तंतू, एक दूरच्या झोतासाठीं व दुसरा खालच्या झोतासाठीं, ही युक्ति १९२०-३० च्या दशकांत रूढ झाली.

या पार्श्वभूमीवर १९४१ सालीं जीप अवतरली. रस्ता नसेल तेथें जाण्यासाठींच जिचा जन्म, तिच्या दिव्यांकडे पाहिलें तर आश्चर्य वाटतें. इतर मोटारींचे दिवे मडगार्डांवर मिरवीत असत. जीपचे दिवे आंत घेऊन जाळीच्या आड बसविलेले. झाडझाडोरा, दगड, दुसऱ्या गाडीची धडक यांपासून त्यांचें रक्षण व्हावें हा हेतु उघड आहे. त्याहूनही मौजेची गोष्ट म्हणजे हे दिवे बिजागरीवर होते. बॉनेट उघडून एक पंखाची चकती सैल केली कीं दिवा उलटा फिरवून त्याचा उजेड थेट इंजिनावर पाडतां येई. रानांत मध्यरात्रीं इंजिन बंद पडलेल्या शिपायास हातांत कंदील धरावयास दुसरा माणूस लागूं नये, एवढा विचार कोणीतरी आराखडा काढतांना केला होता.

पण त्या जीपचा महत्त्वाचा दिवा निराळाच होता. डाव्या मडगार्डावर टोपी घातलेला एक लहान दिवा असे; त्याचा क्षीण उजेड फक्त खालीं, चाकांपुढच्या जमिनीवर पडे. वरून टेहळणी करणाऱ्या विमानास तो दिसूं नये, अशी योजना. मागच्या बाजूस मांजराच्या डोळ्यांसारखे इवलेसे दिवे असत. मागून येणाऱ्या चालकास ते जवळून निरनिराळे दिसत आणि अंतर वाढलें कीं एकमेकांत मिसळत. ठिपके किती दिसतात त्यावरून पुढील गाडीपासून अंतर केवढें राखावें हें त्यास कळे. बैलगाडीच्या कंदिलाचें तत्त्व महायुद्धानें असें पुन्हां कामास लावलें. अर्थात् वेग बैलाचा राहिला नव्हता, हेंही विसरतां येत नाहीं. ब्रिटनमध्यें अंधारबंदी होती, मोटारींच्या दिव्यांवर झांपडें होतीं. १९४१ सालीं तेथील रस्त्यांवर ९,१६९ माणसें मेलीं. त्या देशांत एका वर्षांतील हा आजवरचा सर्वांत मोठा आंकडा आहे.

युद्ध संपलें आणि जीप नागरिकांच्या हातीं आली. मुंबईंत माझगांव येथें महिंद्र कंपनीनें तिच्या जोडणीचें काम स्वातंत्र्यानंतर लवकरच हातीं घेतलें. शेतकी, धरणें, जंगलखातें, मोजणी अशा कितीतरी कामांत तिनें देशाची सेवा केली. परंतु तिच्याबरोबर एक दुसरी हौसही रानांत शिरली. गाडीवर फिरता, प्रखर दिवा बसवावयाचा, रात्रीं झाडींतून झोत फिरवावयाचा आणि डोळे चमकले कीं गोळी झाडावयाची. अंधाराला सरावलेल्या जनावराच्या डोळ्यांवर असा झोत पडला कीं तें दिपून जागच्या जागीं खिळतें. पळण्याची त्याची बुद्धिच हरते. यांत शिकाऱ्याचें कौशल्य काय, हा प्रश्न जुन्या शिकाऱ्यांनींच विचारला होता.

१९४७ सालीं मध्य हिंदुस्थानांतील कोरिया संस्थानच्या महाराजांनीं रात्रीं मोटारींतून जात असतां तीन चित्ते मारले. तिन्ही नर होते. त्या शिकारीचा वृत्तांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आला आणि तिच्या नियतकालिकांत छापला गेला. परंतु संपादकांनीं त्याखालीं आपला तीव्र उद्वेग नोंदविल्यावांचून तो छापला नाहीं. हिंदुस्थानांतील चित्त्यांची ती शेवटची खात्रीलायक नोंद ठरली. १९५२ सालीं हा प्राणी देशांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. पुढें २०२२ सालीं नामिबियांतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशांत कुनोच्या रानांत सोडण्यांत आले. चित्ता नाहींसा होण्यास केवळ दिवा कारण झाला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कुरणें नांगरलीं गेलीं होतीं, काळवीट संपत आला होता. तरी मोटार आणि रात्र यांनीं उरलेल्यांची निसटण्याची वाट बंद केली, हेंही तितकेंच खरें.

दिव्याच्या शास्त्राचें पुढचें पाऊल शिकारींतून नव्हे, शर्यतींतून पडलें. साध्या बल्बांत टंग्स्टन झिजून कांचेवर काजळी धरतें व उजेड मंदावतो. बल्बांत थोडें आयोडीन घातलें तर उडालेलें टंग्स्टन त्याच्याशीं संयोग पावून पुन्हां तंतूवर येऊन बसतें. त्यामुळें तंतु अधिक तापवितां येतो आणि लहानशा बल्बांतून प्रखर उजेड मिळतो. फक्त कांच क्वार्ट्झची हवी. तिला बोटाचा तेलकट डाग लागला तर तेथें ती फाजील तापते. म्हणून हा बल्ब आजही कापडानें धरून बसवितात. मोटारींसाठीं असा पहिला बल्ब युरोपांत १९६२ सालीं आला. मात्र त्यांत तंतु एकच होता. दोन तंतूंचा बल्ब येण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.

या नऊ वर्षांच्या मधल्या फटींत एक प्रसिद्ध भांडण सांपडलें. १९६६ च्या जानेवारींत माँटे कार्लोच्या शर्यतींत टिमो मॅकिनेन, राउनो आल्टोनेन व पॅडी हॉपकर्क यांच्या चिमुकल्या मिनी कूपर गाड्या अनुक्रमें पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या आल्या. बर्फाळ घाटांतून रात्रीं धांवावयाचें म्हणून त्यांच्या मुख्य दिव्यांत आयोडीनचे एकतंतू बल्ब घातले होते. मग झोत खालीं कसा करावयाचा? मुख्य दिवे विझवून धुक्याचे जादा दिवे लावावयाचे, अशी जोडणी केली होती. तपासनिसांनीं नियमांवर बोट ठेवलें: बाजारांत विकल्या जाणाऱ्या गाडीस अशी जोडणी नाहीं. तिन्ही मिनी बाद झाल्या, चौथी आलेली कॉर्टिना बाद झाली, आणि पाउली टॉइव्होनेन यांच्या फ्रेंच सिट्रोएनला विजय देण्यांत आला. इंग्रजी वृत्तपत्रांनीं फ्रेंचांच्या नांवानें पुष्कळ खडे फोडले. पण थंड डोक्यानें पाहिलें तर तपासनिसांचा मुद्दा अगदींच पोकळ नव्हता. जादा दिवा हा मुख्य दिव्याचें काम करूं लागला, तर तो जादा राहिला कोठें? पुढच्या वर्षीं आल्टोनेन यांनीं मिनी घेऊनच ती शर्यत जिंकली, हें त्या गाडीच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

रस्ता बरा असतां जें कळत नाहीं, तें १९६८ च्या लंडन ते सिडनी शर्यतींत कळलें. २४ नोव्हेंबरला ९८ गाड्या लंडनहून निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीमार्गें मुंबईस आल्या आणि येथून बोटीनें ऑस्ट्रेलियास गेल्या. शेवटास ५६ पोंचल्या. अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर पहिली आली. बहुतेक गाड्यांच्या पुढें दिव्यांची रांग होती. काबूलपलीकडच्या लाताबंद घाटांतील धुळींत असल्या रांगेचा उपयोग काय, हें सांगण्यास मोठा तज्ज्ञ नको. पावसाळ्यांत खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या धुक्यांत ज्यानें दूरचा झोत लावून पाहिला आहे, त्याला तें ठाऊक आहे. पुढें पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे थेंब व धुळीचे कण उजेड परत डोळ्यांकडे फेकतात. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितकी ती भिंत दाट. म्हणून धुक्याचा दिवा बंपरच्याही खालीं, रुंद व चपट्या झोताचा हवा. पिवळी कांच धुकें भेदते, ही समजूत मोठी लोकप्रिय आहे. फ्रान्सनें तर १९३० नंतरच्या दशकापासून १९९३ पर्यंत पिवळे दिवे सक्तीचे केले होते. पण धुक्याचा थेंब प्रकाशलहरीच्या मानानें इतका मोठा असतो कीं, त्याला पिवळें-पांढरें सारखेंच. गुण जो आहे तो जागेचा व झोताच्या आकाराचा.

दूरच्या झोताची गोष्ट उलट. अरुंद झोताचे दिवे थोडे उंच लावले तर लांबवर दाखवितात, परंतु वळणावर त्यांचा उजेड दरींत जातो. यासाठीं एक अरुंद व एक रुंद अशी जोडी शर्यतवाले पसंत करीत आले. टपावरचा दिवा दिसावयास रुबाबदार. तो आधीं स्वतःच्याच बॉनेटवर पडतो आणि तेथून चालकाच्या डोळ्यांत. शर्यतीच्या गाड्यांचीं बॉनेटें मंद काळ्या रंगानें रंगविलेलीं असतात तीं शोभेसाठीं नव्हेत.

आणखी एक बाब दुकानदार सहसा सांगत नाहीं. ५५ वॅटचा दिवा १२ व्होल्टांवर सुमारें साडेचार अँपिअर प्रवाह ओढतो. दोन दिवे नऊ. एवढा प्रवाह गाडीच्या मूळच्या बारीक तारेंतून व चालकापुढील लहान खटक्यांतून नेला तर तार तापते आणि विजेचा दाब वाटेंतच खर्च होतो. दाब दहा टक्के उतरला कीं तंतूच्या दिव्याचा उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो. म्हणजे महागडा दिवा घेऊन स्वस्त तारेंत त्याचा एक-तृतीयांश उजेड घालविण्यासारखें. यावर उपाय रिलेचा: लहान खटक्यानें चुंबकी किल्ली ओढावयाची, आणि मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड तारेनें फ्यूजमधून थेट दिव्याकडे न्यावयाचा.

हल्लीं एलईडीच्या लांब पट्ट्या निघाल्या आहेत. प्रवाह थोडा, उजेड अफाट, आणि किंमत आवांक्यांतली. त्यांच्या कांचेला ऊब फारशी नसल्यानें जुन्या दिव्याप्रमाणें बर्फ आपोआप वितळत नाहीं, ही उणीव हिमालयांत जाणाऱ्यांस जाणवते. रानांत त्या उपयोगी आहेत. महामार्गावर समोरच्या ट्रकवाल्यास आंधळें करण्यास त्याहून उपयोगी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें, अपवादात्मक प्रसंगीं नोंदणी अधिकाऱ्याची आधीं संमति घेतल्याशिवाय, गाडीच्या पुढें स्पॉटलाइट अथवा सर्चलाइट लावतां येत नाहीं. हा नियम किती पाळला जातो, हें रात्रीं कोणत्याही घाटांत उभें राहिलें तर पांच मिनिटांत समजतें.

जुने मिस्त्री दिवा बसवून झाला कीं संध्याकाळीं गाडी सपाट जमिनीवर भिंतीसमोर सात-आठ मीटरांवर उभी करीत, दिव्याच्या उंचीची खडूची रेघ भिंतीवर ओढीत आणि झोताचा मध्य त्या रेघेच्या किंचित् खालीं आणून मगच चाकी आवळीत. त्यापूर्वीं मात्र मागें सामान भरावयास लावीत, माणसें बसवीत. भार पडला कीं गाडीची पाठ बसते आणि तोंड वर होतें. रिकाम्या गाडीवर नीट लावलेला दिवा मग झाडांच्या शेंड्यांवर जातो.