चांदीच्या पेन्सिलीचा जन्मदाखला

सॅम्पसन मॉर्डन याचा हात घडला तो लंडनच्या जोसेफ ब्रामाकडे, म्हणजे कुलपांच्या कामात. ब्रामाचं कुलूप किल्लीशिवाय उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनींचं बक्षीस होतं आणि १८५१पर्यंत ते कुणालाही जिंकता आलं नव्हतं. अशा कसोशीच्या कामात मुरलेल्या मॉर्डनने पुढे हाती घेतली ती पेन्सिल.

२० डिसेंबर १८२२ रोजी त्याला आणि जॉन आयझॅक हॉकिन्सला मिळून पेटंट मिळालं. धातूच्या नळीत ग्राफाइटची बारीक कांडी आणि ती पुढे सरकवणारी यंत्रणा. टोक काढायला चाकू नको, की खिशाला काळे डाग नकोत. तशी ही कल्पना अगदी नवी नव्हती. १७९१ साली बुडालेल्या ‘पँडोरा’ या ब्रिटिश जहाजाच्या अवशेषांतही अशी एक पेन्सिल सापडली आहे. पण ती चांदीत, सुबक घडवून बाजारात रुजवली मॉर्डननेच. हॉकिन्सही काही कमी नव्हता. एक पत्र लिहिता लिहिता त्याची दुसरी प्रत काढणारं त्याचं ‘पॉलिग्राफ’ थॉमस जेफरसन वर्षानुवर्षं वापरत होते. मॉर्डनने मात्र लवकरच त्याचा हिस्सा विकत घेतला आणि गॅब्रिएल रिडलला भागीदार केलं.

जुन्या चांदीचा नाद लागतो तो इथे. मॉर्डनची सुरुवातीची पेन्सिल भिंगाखाली धरावी. नळीवर तिळाएवढे शिक्के दिसतात: एस. एम. आणि जी. आर. ही दोन्ही भागीदारांची आद्याक्षरं, ९२.५ टक्के कसाची ग्वाही देणारा, पंजा उचललेला सिंह. कर भरल्याची खूण म्हणून राजाचं मस्तक. आणि सालाचं अक्षर. लंडनला हे अक्षर दरवर्षी बदलत असे. लहान ‘एच’ म्हणजे १८२३चं वर्ष. राजाचं किंवा राणीचं मस्तक १७८४ ते १८९० एवढ्याच काळात उमटलं, त्यामुळे त्यावरूनही काळ ठरवता येतो. चांदीच्या वस्तूचा जन्मदाखला असा तिच्या अंगावरच असतो. अर्थात, लहान वस्तूंवर सगळे शिक्के असतातच असं नाही; कित्येक पेन्सिलींवर फक्त मॉर्डनचं नाव आढळतं.

१८४०मध्ये इंग्लंडच्या टपालखात्याने नियम बदलला आणि टेबलावरचं सामानही बदललं. पूर्वी पत्राचं शुल्क अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. आता अर्ध्या औंसाला एक पेनी. मग घरोघरी पत्र तोलायला छोटे तराजू आले, तिकिटांच्या डब्या आल्या. मॉर्डनच्या कंपनीने असे तराजूही बनवले. पत्र बंद करायची लाख होतीच, आणि तिच्यातला राळेसारखा मुख्य घटक हिंदुस्थानातून जात असे.

१८४३मध्ये मॉर्डन वारला. मुलांच्या हाती कारखाना गेल्यावर घुबड, डुक्कर, इजिप्तची ममी अशा आकारांच्या पेन्सिली निघू लागल्या. संग्राहक आज त्यांच्यावर तुटून पडतात. पण साध्या, रेघांच्या नक्षीच्या जुन्या पेन्सिलींत कारागिरी जास्त खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१मध्ये, बाँबहल्ल्यात लंडनचा कारखाना नष्ट झाला, त्यामुळे आता ज्या वस्तू उरल्या त्याच पुरावा.

म्हणूनच एक विनंती. घरच्या कपाटात अशी काळवंडलेली चांदी सापडली, तर चकचकीत करायच्या घाईने ती घासू नका. दर घासणीला शिक्का थोडा झिजतो. आणि एकदा पुसलेलं अक्षर कुठलाही सराफ परत आणू शकत नाही.